लष्कराचे नाव असलेली नोटीस आणि ती वाचणारे गाव

१५ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला. पहारेकऱ्याने हटकल्यावर जो थांबणार नाही, सरकारी मालमत्तेचे नुकसान करण्याचा जो प्रयत्न करील, त्याच्यावर जीव जाईपर्यंत बळ वापरण्याचा आदेश कॅप्टन किंवा त्यावरच्या हुद्द्याचा अधिकारी देऊ शकेल, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. विदर्भातल्या चिमूर गावात मिरवणूक निघाली, ती अडवली गेली, गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला. लोकांचा संताप उसळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि पोलीस दलातले जरासंध व कांताप्रसाद हे चारजण त्यात ठार झाले. पुढचे तीन दिवस चिमुरात इंग्रजांची सत्ता नव्हती. १९ ऑगस्टला गोरे सैन्य गावात शिरले.

गोळीबाराच्या आदल्या दिवशी दिल्लीत इंग्रजीत निघालेला कायदा चिमूरच्या माणसाला ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. सैनिकाने हटकले की न थांबण्याची किंमत कालपासून बदलली आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. लष्कराशी संबंधित सरकारी सूचना लोकांना कळेल अशा भाषेत समजावून सांगणे म्हणजे काय, या प्रश्नाचा आढावा चिमूरपासून सुरू करण्याचे कारण हे आहे. देशात फार थोडी गावे अशी असतील, की जिथे कागद, सैन्य आणि सामान्य माणूस यांच्यातला संबंध इतक्या उघडपणे दिसला.

चिमूरवर त्यानंतर कागदांचा मारा झाला. गावावर एक लाख रुपयांचा सामूहिक दंड बसला आणि तो वसूलही झाला. कोणी काय केले याचा निवाडा होण्याआधीच घराघराने पैसे भरायचे होते. सैनिकांनी बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी नागपूरपर्यंत पोचल्या. डॉ. बा. शि. मुंजे यांनी चिमूरला जाऊन माहिती घेतली, अनसूयाबाई काळे यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावातल्या बायकांशी बोलल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडात तेव्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते, गव्हर्नर ट्वाइनम यांच्या हाती कारभार होता. सरकारने चौकशी नाकारली. पुढे चिमूरच्या बातम्या छापण्यावरच निर्बंध आले.

म्हणजे एका बाजूला सैन्याच्या बाजूचे सरकारी निवेदन, आणि दुसऱ्या बाजूला गावाचे म्हणणे छापायलाच मनाई. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांना हे सोसवेना. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्या दिल्लीच्या घरी ते गेले आणि चौकशीची मागणी केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनी उपोषण आरंभले. ते ६३ दिवस चालले. उपोषणाच्या बातमीलाही बंदी होती. तिचा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या अनेक वृत्तपत्रांनी त्या दिवशीचा अंक काढला नाही. १२ जानेवारीला तडजोड झाली, बातम्यांवरची बंदी उठली आणि भन्साळींनी उपोषण सोडले. चौकशी मात्र झाली नाही.

या साऱ्यातून मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. भन्साळींचा आग्रह कोणाला शिक्षा देण्यापेक्षाही, जे घडले ते सरकारने तपासून लोकांना सांगावे, यावर होता. सैन्य गावात आले, कोणत्या अधिकाराने आले, काय करण्याची त्याला मुभा होती, काय करण्याची नव्हती, आणि त्याने मर्यादा ओलांडली तर कोणाकडे जायचे, एवढे कळण्यासाठी एका माणसाला ६३ दिवस उपाशी राहावे लागले. मराठी मुलुखाला हा अनुभव नवीन नव्हता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी प्लेग अधिकारी रँड यांच्या समितीने गोरे शिपाई घराघरांत घातले, तेव्हाही तक्रारींचा असाच गहजब झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये ते आरोप बोलून दाखवले आणि परतल्यावर पुरावा देता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. तक्रार कुठे नोंदवायची आणि ती नोंदवणाऱ्याला संरक्षण काय, हे लोकांना सांगितलेलेच नसेल, तर पुरावा उभा राहणार कसा?

आज परिस्थिती बदलली आहे आणि ती नीट सांगितली पाहिजे, कारण गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. १९४२ च्या वटहुकुमाचा वारस असलेला १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा महाराष्ट्रात कुठेही लागू नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवाद्यांमुळे वर्षानुवर्षे जो बंदोबस्त आहे तो भूदलाचा नाही. तिथे राज्याचे पोलीस आहेत, त्यांचे १९९० मध्ये उभे राहिलेले सी-६० पथक आहे, राज्य राखीव दल आहे आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बटालियन आहेत. गावात मात्र हिरवा गणवेश दिसला की ‘मिल्ट्री आली’ असेच म्हणतात. यात गावकऱ्यांचे काही चुकत नाही. पण समोरच्या कागदावर कोणाची सही आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध एका दाराने जायचे, राज्य पोलिसांविरुद्ध दुसऱ्या, केंद्रीय दलाविरुद्ध तिसऱ्या. हे दार कोणते, एवढे एक वाक्य जर प्रत्येक सूचनेच्या शेवटी छापले, तरी अर्धा गोंधळ मिटेल.

माहितीच्या अधिकाराचे उदाहरण घ्या. बहुतेकांची समजूत अशी, की सैन्याला काही विचारताच येत नाही. प्रत्यक्षात २००५ च्या कायद्याने ज्या गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना दुसऱ्या अनुसूचीत घालून वगळले, त्यांत केंद्रीय राखीव पोलीस दल आहे, भारतीय भूदल नाही. भूदलाकडे अर्ज करता येतो. देशाच्या सुरक्षेला बाध येईल अशी माहिती ते नाकारू शकतात, पण अर्जच घ्यायचा नाही असे म्हणू शकत नाहीत. आणि वगळलेल्या संघटनांनाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन या दोन आरोपांबाबत सूट नाही. त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते, की सरकारी कार्यालयाने आपली माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे माध्यम विचारात घ्यावे, आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्यावीत. सोप्या भाषेतले स्पष्टीकरण ही कोणा उदार अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे. त्याला कायद्याचा आधार आहे.

जमावबंदीच्या आदेशांबद्दलही थोडे. पूर्वीचे कलम १४४ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले आहे. असा आदेश दोन महिन्यांपलीकडे आपोआप चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तरच चालतो आणि तोही सहा महिन्यांपर्यंत. जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलावण्याची तरतूद त्याच संहितेत आहे. तो अधिकार दंडाधिकाऱ्याचा आहे, आणि सैन्याने कमीत कमी बळ वापरून, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करून काम करावे असे कायदा स्पष्ट बजावतो. हे वाक्य १९४२ मध्येही तेव्हाच्या फौजदारी संहितेत होते. आजही आहे. ते शाळेच्या भिंतीवर लिहायला काय हरकत आहे?

सूचनांचा सर्वांत अवघड प्रकार जमिनीचा. माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती, चराई, मोहाची झाडे त्यात अडकलेली असतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला साठच्या दशकापासून आयुध निर्माणी आहे, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या तिथल्या आगीने आणि २४ जानेवारी २०२५ च्या भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीतल्या स्फोटाने विदर्भाला कळले, की अशा ठिकाणांभोवती मोकळी जागा ठेवण्यामागे खरे कारण असते. त्यासाठीचा कायदा १९०३ चा आहे. संरक्षण कामांभोवतीच्या जमिनीवर सरकार त्यान्वये बंधने घालू शकते. बंधने तीन पट्ट्यांत येतात. हद्दीपासून २,००० वारांपर्यंत, म्हणजे साधारण १,८३० मीटरपर्यंत, परवानगीशिवाय नवे बांधकाम किंवा जमिनीची पातळी बदलणे बंद. १,००० वारांच्या आत फक्त लाकडाचे किंवा सहज काढून टाकता येईल असे बांधकाम, तेही हुकूम झाल्यास पाडून टाकण्याच्या तयारीने. ५०० वारांच्या आत उघडे कठडे आणि झुडपांचे वाळके कुंपण सोडून जमिनीवर काहीच नाही.

इतके तीन ओळींत सांगता येते. पण प्रत्यक्षातली सूचना कशी असते? ‘ज्याअर्थी, खाली नमूद केलेल्या अनुसूचीतील जमिनीच्या संबंधात उक्त अधिनियमाच्या कलम ३ च्या पोटकलम (१) अन्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून...’ अशी ती सुरू होते आणि क्रियापद यायला पान उलटावे लागते. शेतकऱ्याला हवे असते ते असे : ‘तुमच्या गावाचे हे गट क्रमांक या पट्ट्यात आले आहेत. जमीन तुमचीच राहील. शेती करता येईल. नवे घर, विहिरीचा काठ, गोठा, भिंत बांधण्याआधी परवानगी घ्यावी लागेल. या बंधनामुळे जमिनीची किंमत घटली तर भरपाई मागता येईल, ती अमुक कार्यालयात अमुक तारखेपर्यंत मागा. नकाशा तहसीलमध्ये पाहायला ठेवला आहे.’ यात गुप्त असे एक अक्षर नाही. कायदाच म्हणतो, की जाहीरनाम्याचा आशय जिल्हाधिकाऱ्याने त्या परिसरात सोयीच्या ठिकाणी जाहीर करावा. आशय याचा अर्थ राजपत्राची झेरॉक्स नव्हे.

या कायद्याखेरीज संरक्षण मंत्रालयाची १८ मे २०११ ची आणि नंतरची परिपत्रके आहेत. लष्करी आस्थापनांजवळच्या बांधकामाला ना-हरकत घेण्याचे अंतर त्यांत वेळोवेळी बदलत गेले. घर बांधणाऱ्याला नगरपरिषदेत एक अंतर सांगतात, एजंट दुसरे सांगतो. ज्या दिवशी नियम बदलेल त्या दिवशी जुना नियम आणि नवा नियम शेजारी शेजारी छापून लावणे एवढाच यावर उपाय आहे.

तोफांच्या आणि रणगाड्यांच्या सरावाचा कायदा १९३८ चा. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण अहिल्यानगरजवळचे के. के. रेंज. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांना सरावाच्या तारखांच्या सूचना येत राहतात आणि क्षेत्र वाढण्याच्या बातमीने दर काही वर्षांनी माणसे धास्तावतात. या कायद्याने राज्य सरकार ठरावीक क्षेत्र ठरावीक काळासाठी सरावाला देते, जमिनीची मालकी जात नाही, आणि सरावाने झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. सैन्यासोबत महसूल अधिकारी असावा, त्याने जागेवरच दावे ऐकावेत, निर्णय पटला नाही तर वर दाद मागता यावी, अशी सोय कायद्यात आहे. दावा जागेवरच करायचा असतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या तुडवलेल्या पिकाची नोंदच होत नाही.

झारखंडातल्या नेतरहाटची गोष्ट इथल्या वाचकाने जरूर ऐकावी, कारण तिथली माणसेही जंगलातली आणि आदिवासी आहेत. तिथल्या सरावक्षेत्राविरुद्ध १९९३ पासून आंदोलन उभे राहिले. मार्च १९९४ मध्ये हजारो लोकांनी टुटुवापानी इथे रस्त्यावर बसून सैन्याला परत फिरवले. तेव्हापासून तिथे सराव झाला नाही, पण कागदावरची अधिसूचना जिवंत होती. तिची मुदत ११ मे २०२२ ला संपली. ती वाढवणार नाही, असे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी जाहीर केले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. एखाद्या अधिसूचनेची शेवटची तारीख कोणती, हा प्रश्न गावाने विचारायचा असतो हे नेतरहाटने शिकवले. आपल्याकडे सूचना लागते तेव्हा वाजतगाजत लागते, संपते तेव्हा कोणी सांगत नाही. मुदत संपली तरी त्या जमिनीकडे जायला माणूस कचरतो.

भूसंपादनाचे तसे नाही. तिथे मालकीच जाते. २०१३ च्या कायद्याने सैन्य, केंद्रीय सशस्त्र दले आणि राज्य पोलीस या तिन्हींच्या गरजा सार्वजनिक प्रयोजनात धरल्या आहेत. साधारणपणे प्राथमिक अधिसूचना दोन वृत्तपत्रांत, त्यांतल्या एका प्रादेशिक भाषेतल्या, शिवाय ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये आणि संकेतस्थळावर लागते आणि तिथून ६० दिवसांत हरकत नोंदवता येते. पण देशाच्या संरक्षणासाठी तातडीचे कलम ४० लावले, तर सरकार यातले अनेक टप्पे वगळू शकते. त्यामुळे लष्करासाठीच्या भूसंपादनाची नोटीस हाती आली की सर्वांत आधी पाहायचे ते हे, की त्यात कलम ४० आहे का. नसेल तर ६० दिवस मोजायला लागा. असेल तर जमीन गरजेपुरतीच, कमीत कमी घेतली आहे का हे विचारा, आणि जादा भरपाईची तरतूद आहे ती तपासा. आणि गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा अशा अनुसूचित क्षेत्रातल्या तालुक्यांत जमीन असेल, तर कलम ४१ प्रमाणे तातडीच्या संपादनातही संबंधित ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. तातडी म्हणजे ग्रामसभेला सुट्टी, असा समज या तालुक्यांत पसरू देणे अन्यायाचे आहे.

गडचिरोलीचे दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्र जंगल आहे. तिथली छावणी, रस्ता, मनोरा हे सहसा खासगी शेतात नव्हे तर वनजमिनीवर येतात. वनसंवर्धनाच्या १९८० च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली. नक्षलग्रस्त म्हणून अधिसूचित क्षेत्रात संरक्षणाशी संबंधित प्रकल्प, निमलष्करी दलाची छावणी किंवा लोकोपयोगी काम यांसाठी ५ हेक्टरपर्यंतची वनजमीन आता या कायद्याच्या परवानगीतून सुटली आहे, आणि सुरक्षेच्या पायाभूत कामांसाठी १० हेक्टरपर्यंत सूट आहे. ही माहिती गावात कशी पोचते? ‘आता सरकारला जंगलासाठी कोणाला विचारावे लागत नाही’ अशी. हे खरे नाही. सूट वनसंवर्धनाच्या कायद्यातून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेले गावाचे सामूहिक हक्क त्या वाक्याने पुसले जात नाहीत. ज्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे, त्याच्या हद्दीतल्या पाच हेक्टरांबद्दलची सूचना म्हणजे पडीक जमिनीबद्दलची सूचना नव्हे, त्या गावाच्या हक्काबद्दलची सूचना आहे. हे समजावून सांगणारे पान कोणत्याही कार्यालयाने काढलेले माझ्या वाचनात नाही, आणि या संपूर्ण विषयातली ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते.

भाषेचा प्रश्न इथे दुहेरी होतो. केंद्राच्या अधिसूचना हिंदी आणि इंग्रजीत निघतात. महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालय आहे, त्याने केंद्रीय कायद्यांची मराठी भाषांतरे केली, शासन व्यवहार कोश घडवला. ते काम मोठे आहे. पण भाषांतर झाल्याने कागद मराठी होतो, सोपा होतोच असे नाही. आणि मराठी सोपी केली तरी भामरागडच्या माडिया घरात ती परकीच. मार्च २०२० मध्ये पर्यावरण परिणामांच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात सामरिक ठरवलेल्या प्रकल्पांची माहिती लोकांसमोर ठेवलीच जाणार नाही अशी तरतूद होती. म्हणजे सैन्याच्या नावाने काय काय झाकले जाणार हे ठरवणारा तो कागद होता, आणि तोच लोकांना वाचता येत नव्हता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत देण्याचा आदेश दिला. मराठीला त्याचा लाभ होणार होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३० लाख लोकांची भाषा असलेली गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. ज्या जंगलात छावण्या आहेत, त्या जंगलाच्या भाषेला तो आदेशही पोचत नव्हता.

मग समजावून सांगते कोण? गावात कोतवाल दवंडी देतो, पोलीस पाटील निरोप सांगतो, तलाठी सही घेतो. गडचिरोली पोलिसांनी पोलीस मदत केंद्रांमध्ये ‘दादालोरा खिडकी’ सुरू केली. दाखले, योजनांचे अर्ज, प्रशिक्षण यांची मदत तिथे मिळते आणि दुर्गम भागातल्या माणसाची तालुक्याची खेप वाचते. हे काम चांगले आहे, ते वाढावे. पण जी सूचना पोलीस ठाण्याच्या किंवा छावणीच्या जागेबद्दल असेल, ती छावणीच्याच खिडकीवर समजावून दिली जाऊ नये. तिथे माणूस मान डोलावतो, प्रश्न विचारत नाही. अशा सूचनेसाठी महसूल खात्याचा माणूस, शक्यतो गोंडी-माडिया जाणणारा, ग्रामसभेत यायला हवा.

खरा धडा याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने घालून दिला आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचे नाव आहे, हे सर्वांना माहीत असते. त्यामागचे अभ्यासगट फारसे कोणाला माहीत नसतात. देवाजी तोफा आणि गावाचे लोक, सोबत वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, असे मिळून एखादा कायदा किंवा सरकारी कागद घेऊन बसत, बाहेरून जाणकार बोलावत, अर्थ लागेपर्यंत चर्चा करत, आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेई. जाणकाराने माहिती द्यायची, निर्णय गावाने घ्यायचा, हे भान त्यात होते. सोप्या भाषेची चळवळ इंग्लंडमध्ये १९७९ पासून चालली, अमेरिकेत २०१० मध्ये सरकारी कागद सोप्या भाषेत लिहिण्याचा कायदा झाला, २०२३ मध्ये सोप्या भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक आले. वाचणाऱ्याला हवी ती माहिती सापडावी, कळावी आणि वापरता यावी, ही त्या मानकाची कसोटी आहे. मेंढ्याच्या अभ्यासगटाने ती कसोटी मानक येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळली आहे.

एक सूचना अशी आहे, की जिची इथली तरुण मुले वाट पाहतात. चिमूर, ब्रह्मपुरी, नागभीड भागात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे दिसतात, ती पोलीस किंवा सैन्यभरतीची. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून जाहिरातीचा अर्थ बदलला आहे आणि तो घरच्यांना पुरता उमगलेला नाही. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम घेतले जाते. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात आणि ९,००० सेवा निधीत. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हातात. सरकार तितकीच रक्कम निधीत घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, त्यावर प्राप्तिकर नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. सेवाकाळात ४८ लाखांचे विमासंरक्षण आहे. ‘मुलगा मिल्ट्रीत लागला’ म्हणून लग्न ठरवणाऱ्या आणि कर्ज काढणाऱ्या घराला हे सात वाक्यांत आधी सांगितले पाहिजे. भरतीच्या जाहिरातीत ते असते, पण अनेक पानांच्या इंग्रजी-हिंदी मजकुरात विखुरलेले. नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाने आणि शाळा-महाविद्यालयांनी त्याचे एक मराठी पान लावले, तर ते दलालांच्या तोंडचे पाणी पळवील.

माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून येते आणि दरवर्षी हयातीची ओळख पटवावी लागते. ती राहिली तर पैसे थांबतात. म्हातारीला हे कळते ते बँकेत गेल्यावर. इथे कायदा अवघड नाही, फक्त वेळेवर एक फोन करणारे माणूस हवे.

सूचना समजावण्याला विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे प्रामाणिक आहे, त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. सुरक्षेच्या बाबतीत जास्त बोलणे म्हणजे शत्रूला माहिती देणे, असे ते म्हणतात. गडचिरोलीने भूसुरुंगांत माणसे गमावली आहेत, तिथे ही भीती पोकळ नाही. पण मोहीम कधी निघणार, किती जवान कुठे आहेत, शस्त्रे कोणती, हे कोणी मागत नाही. माझ्या शेतावरचे बंधन कुठून कुठपर्यंत, किती दिवस, भरपाई किती, हरकत कोणाकडे, हे विचारणारा शत्रूला काहीच देत नसतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की सैन्याचे नाव पुढे करून महसूल खात्याची साधी दिरंगाईही झाकता येते. आणि त्याने सैन्याचीच बदनामी होते. चिमूरमध्ये नेमके काय घडले याची चौकशी १९४२ मध्येच झाली असती, तर निर्दोष सैनिकांवरचा संशयही तेव्हाच फिटला असता.

जिल्हाधिकाऱ्यांना माझी मागणी एवढीच आहे, की लष्कर, केंद्रीय दले किंवा आयुध निर्माणी यांच्याशी संबंधित प्रत्येक जाहीर सूचनेसोबत एक पानाचे मराठी स्पष्टीकरण आणि अनुसूचित क्षेत्रात गोंडी-माडियातले तोंडी निवेदन सक्तीचे करावे, आणि ते दिल्याची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात असावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, माहिती अधिकाराचे चौथे कलम पुरे आहे. आणि वाचकांना सांगणे हे, की अशी नोटीस गावात लागली तर तिचा मोबाइलवर फोटो काढून थांबू नका. तिच्यावरची तारीख, कलम आणि सही करणारे कार्यालय या तीन गोष्टी वहीत लिहून घ्या, तहसीलमध्ये नकाशाची प्रत मागा आणि ग्रामसभा बोलवा. भूसंपादनातल्या हरकतीचे ६० दिवस अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात, ती तुम्हाला समजल्याच्या तारखेपासून नाही.